अकराच का?

सामन्याआधी बारा खेळाडूंची यादी शिडी कधीच कागदावरून उतरवून काढत नसे. स्कोअररच्या टेबलापाशी उभी राहायची, त्याच्याच हातातलं पेन घ्यायची आणि चार नंबरपासून पंधरा नंबरपर्यंत सरळ लिहीत सुटायची. बाकीचे कोच खिशातून चिठ्ठ्या काढत, चष्मा शोधत, मॅनेजरला हाका मारत. शिडीचं काम दोन मिनिटांत आटपे. बावीस वर्षांत एकदाही खाडाखोड नाही, असं ती स्वतः कधी म्हणाली नाही. दुसरं कुणी म्हणालं तर मात्र थांबून ऐकून घ्यायची.

तिचं खरं नाव नगरपालिकेच्या पाणी विभागातल्या हजेरीपटावर होतं, तेवढंच. चौदाव्या वर्षी ती पाच फूट दहा इंच झाली, आणि वर्गातल्या कुणीतरी तिला शिडी म्हटलं. तेव्हापासून ती शिडीच. घरी दादा आणि वहिनी होते. त्यांच्या तीन खोल्यांतली रस्त्याकडची खोली तिची. वहिनी पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे माळ्यावरचं काढायला स्टूल लागत नाही. नणंदबाई आहेत."

सोळा वर्षं ती बास्केटबॉल खेळली. बास्केटखाली उभं राहायचं, धक्के खायचे, चेंडू खाली येऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. कुणाच्या तरी कोपरामुळे पुढचा एक दात गेला. दोन वर्षं ती देशाच्या संघात होती, म्हणजे त्या संघाच्या बाकावर पाचव्या जागेवर. या खेळानेच तिला पाणी विभागातली कारकुनी मिळवून दिली. चौतिसाव्या वर्षी उजवा गुडघा वाकेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बाहेरून बघा. मैदानावरून बाकावर यायला तीन पावलं लागतात. ती चालायला तिला दोन वर्षं लागली.

तिला घडवलं ते जुन्या सरांनी. त्यांनी एकदा उपांत्य सामन्यात तिला चाळीसच्या चाळीस मिनिटं बसवून ठेवलं होतं आणि का ते सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही. उलट त्याचा धडा केला. कोचने कारण द्यायचं नसतं. कारण दिलं की मुली वकिली सुरू करतात. त्यामुळे शिडीच्या तोंडून मैदानावर निघायचे ते नुसते आकडे. "सात, हात वर! अकरा, मागे बघ! चार, झोपलीस का?" घरीसुद्धा भाचीला एकदा ती "पाच, पाणी आण" म्हणाली होती.

"ताई, उद्या मलाही नंबर द्याल," वहिनी म्हणाली. "मी कितवी?"

"तुम्ही पंच, वहिनी. पंचांना नंबर नसतो."

तिच्या क्लबच्या संघातली आठ नंबर म्हणजे भिंगरी. पाच फूट दोन इंच, तेवीस वर्षांची गार्ड. चेंडू पुढे नेणं हे गार्डचं काम, आणि भिंगरी तो नेताना तीन जणींच्या मधून अशी निघायची की त्या एकमेकींवर आपटायच्या. तिचे वडील होते, पण कुठे होते ते घरात कुणाला माहीत नव्हतं. आई मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. सहा वर्षं भिंगरी शिडीच्या हाताखाली रोज पहाटे मैदानात उतरत होती, ती एका गोष्टीसाठी: वीज कंपनीच्या संघात जागा मिळाली तर कायमची नोकरी. यंदा तशी एकच जागा निघाली होती, गार्डचीच. वयाची अट चोविसाच्या आत. भिंगरीला चोवीस पुरी व्हायला दोन महिने उरले होते. कंपनीचे क्रीडा अधिकारी शिडीला फोनवर म्हणाले होते, "तुमच्या त्या आठ नंबरच्या मुलीला अंतिम सामन्यात बघतो. खेळली तर विषय संपला."

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात नवीन जर्सी आल्या. शिंप्याने मापांचा घोळ घालून ठेवला होता. आठ नंबरच्या जर्सीत दोन भिंगऱ्या मावल्या असत्या. ती जर्सी पंधरा नंबरच्या दांडग्या मुलीला बरोबर बसली. पंधरा कुणालाच बसेना, ती शिंप्याकडे परत गेली. भिंगरीच्या मापाची एकच उरली होती, तिच्यावर अठरा आकडा होता.

"अठरा कुठे असतो का, मॅडम?" भिंगरी म्हणाली. "मी काय बस आहे?"

"नव्या नियमात चालतो. नंबर खेळत नाही, माणूस खेळतं. घाल."

भिंगरीने घातली. मॅनेजर होती तोफ. शिडीची एकेकाळची जोडीदारीण. मैदानाच्या एका टोकाला ती कुजबुजली तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. ती म्हणाली, "अठरा तर अठरा. पळते आहे ना? मग झालं."

सामन्याच्या दिवशी हजेरी साडेनऊची. भिंगरी आली नऊ एक्केचाळीसला, घामाने निथळत.

"मॅडम, बुटाचा तळ सुटला. बूटवाल्याने दुकान उशिरा उघडलं, म्हणून..."

शिडीने घड्याळ बघितलं. "पहिला क्वार्टर बाकावर."

उशीर झाला की दहा मिनिटं बसायचं, हा नियम सगळ्यांनाच होता. भिंगरीने मान हलवली आणि सरावाला धावली.

दहा मिनिटं उरली तेव्हा शिडी टेबलापाशी गेली. स्कोअरर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तर. त्यांची स्कोअरशीट छापल्यासारखी दिसे. शिडीने त्यांचं पेन घेतलं. चार. पाच. सहा. सात. आठ, म्हणजे आता ती दांडगी. तेवढं तिला बरोबर आठवलं. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. पंधराशी पेन थांबलं. पंधरा शिंप्याकडे आहे, हेही आठवलं. म्हणजे संपलं. सुरुवातीच्या पाच जणींवर तिने खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. नेमके तेव्हाच क्रीडा अधिकारी पहिल्या रांगेतून उठून तिच्याशी हात मिळवायला आले.

"अकराच का?" मास्तरांनी विचारलं.

"अं? हो, अकराच."

"मग उरलेल्या ओळीवर रेघ मारू?"

"मारा की, मास्तर."

मास्तरांनी पट्टी लावून रेघ मारली.

पहिला क्वार्टर चौदा-चौदा असा बरोबरीत सुटला. भिंगरी बाकावर बसल्या बसल्या दोन्ही गुडघे हलवत होती. शिट्टी झाली तशी तिने वरचं जाकीट काढून टाकलं आणि बुटाची नाडी करकचून बांधली. तेवढ्यात मास्तरांनी शिडीला बोटाने खूण केली.

"मॅडम, ती अठरा नंबरची मुलगी तुमच्या बाकावर बसली आहे."

"मग? आता घेतेच आहे तिला."

मास्तरांनी शीट तिच्याकडे फिरवली आणि रेघेवर बोट ठेवलं. शिडीने यादी वाचली. पुन्हा वरून वाचली. अकरा नावं होती आणि अक्षर तिचंच होतं.

"लिहा की मग."

"खेळ सुरू झाला आहे."

"मास्तर, एक नाव..."

"सुरू झाल्यावर नवं नाव घालता येत नाही. तुम्हाला मी सांगायला हवं का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मी विचारलं होतं." टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. "पंचांना बोलावू का? तेही हेच सांगतील. फक्त मग सगळ्या हॉलला कळेल."

"नको," शिडी म्हणाली.

टेबलापासून बाकापर्यंत आठ-दहा पावलांचं अंतर. खोटं बोलायचं असं तिने त्यात ठरवलं नाही. तेवढा वेळच नव्हता. समोर भिंगरी उभी होती, आणि तिला काहीतरी सांगणं भाग होतं.

"बस."

"मॅडम, क्वार्टर झाला."

"बस म्हटलं ना!"

भिंगरी बसली. तोफेने शिडीचा दंड धरला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? तो माणूस कुणासाठी आला आहे?"

"शिस्त म्हणजे शिस्त," शिडी म्हणाली.

बावीस वर्षांत तिने कधी कारण दिलं नव्हतं. आज पहिल्यांदा दिलं, आणि ते खोटं होतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये संघ नऊ गुणांनी मागे पडला. भिंगरी वाकून बाकामागून आली आणि शिडीच्या खुर्चीशी उकिडवी बसली. "मॅडम, परत कधी उशीर नाही करणार. सगळ्यांसमोर कान धरते हवं तर. पाच मिनिटं द्या. चार द्या." शिडीने मान वळवली नाही. "सात, हात वर!" ती ओरडली. सात नंबरच्या मुलीचे हात आधीच वर होते.

सामना पाच गुणांनी गेला. समोरच्या संघाची गार्ड बेताचीच होती, पण मोकळं मैदान मिळाल्यावर लंगडीसुद्धा धावते. तिने एकटीने सोळा गुण केले.

हॉल रिकामा होत असताना अधिकारी आले. "तुमची ती आठ नंबर दिसली नाही, मॅडम. ती जाडजूड कोण होती?"

"तिचा नंबर बदलला आहे. बाकावर होती."

"दुखापत?"

इथे दुखापत म्हणाली असती, तर कदाचित त्या माणसाने मुलीला पुन्हा कधीतरी बोलावलं असतं. हे शिडीच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी तोफ शेजारी उभी होती, भिंगरी दहा हातांवर चेंडू पिशवीत भरत होती, आणि एक कारण आधीच देऊन झालं होतं.

"शिस्तीचा प्रश्न होता."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. "सांगितलंत ते बरं केलंत. आमच्याकडे नोकरीत घ्यायचं म्हणजे तेच आधी बघावं लागतं."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींची बातमी होती, 'करंडकापेक्षा शिस्त मोठी'. क्लबच्या चिटणिसांचा फोन आला. "मॅडम, क्लबची मान उंच केलीत!"

"माझी आधीच पुरेशी उंच आहे," शिडी म्हणाली. एरवी या विनोदावर ती स्वतःही हसायची.

चिटणिसांनी आणखी एक सांगितलं. प्रांताच्या ज्युनिअर संघासाठी कोच नेमायची आहे, आणि समितीत तिचं नाव पुढे आलं आहे. अशी कडक बाईच हवी म्हणतात. या जागेची ती नऊ वर्षं वाट बघत होती. नऊ वर्षांत तिने काही कमी सामने जिंकले नव्हते. तेव्हा कुणाला तिची आठवण झाली नव्हती.

भिंगरी सरावाला आली नाही. एक दिवस, दोन, पाच दिवस. बाकीच्या मुली मात्र पहाटे वेळेच्या पंधरा मिनिटं आधीच मैदानात हजर असायच्या. हजेरीच्या वेळी कुणी चकार शब्द काढत नसे. पूर्वी त्या शिडीला मानायच्या. आता घाबरायला लागल्या होत्या, आणि त्या भीतीने त्यांच्या फेकी सगळ्या आखूड पडत होत्या.

सहाव्या दिवशी दुपारी पाणी विभागाच्या खिडकीशी भिंगरीची आई येऊन उभी राहिली. शिडीने तिला आत बोलावून खुर्ची दिली. बाई खुर्चीच्या कडेवर टेकली. सोड्याने आणि वाफेने तिच्या हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. मांडीवर कागदात बांधलेलं पुडकं होतं.

"जर्सी आणली आहे. धुऊन, इस्त्री करून."

"तुम्ही कशाला त्रास घेतलात? तिला पाठवायचं होतं."

"ती नाही यायची. तोंड कसं दाखवू म्हणते." बाईने पुडकं टेबलावर सरकवलं. "मॅडम, एक बोलू? बरं केलंत तुम्ही. मी तेच सांगायला आले. आम्ही घरात लाडावून ठेवलं, बाहेर कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. मीही सोडलं नाही तिला. हाताला येईल त्याने बडवलं. तेवीस वर्षांची घोडी, अंगावर हात टाकायचं वय नाही ते, कळतं मला. पण सहा वर्षं जिवाचं रान केलं आणि बुटापायी घालवलं, म्हटल्यावर नाही राहवलं मला."

"ती काय म्हणाली?"

"एक शब्द नाही. म्हणाली, चूक माझीच आहे. मार." बाईने नाक पुसलं. "आता माझ्याच पाळीला लावून घेतलं आहे तिला. चादरी घडी करायला. हंगामी आहे, पण आहे."

"सरावाला पाठवा तिला," शिडी कशीबशी म्हणाली.

"आता कशासाठी हो? ते दार तर लागलं." 'तुम्हीच लावलंत' हे ती म्हणाली नाही. उठली, हात जोडले, आणि जाताना परत म्हणाली, "तुमचा राग नाही, मॅडम."

बोलायची संधी म्हणजे अशी समोर खुर्ची टाकून बसली होती. ती उठून गेली.

संध्याकाळी तोफ मैदानाशेजारच्या सामानाच्या खोलीत आली. तिथे चेंडूंची जाळी, पंप आणि दोन खुर्च्या होत्या. तिच्या हातात स्कोअरशीटची पिवळी प्रत होती. हरलेल्या संघाला ती मिळते, आणि तोफ अशा सगळ्या प्रती फाईलला लावून ठेवायची.

"शिडे, हे काय आहे?"

शिडी हवा भरत होती ती भरतच राहिली.

"अठरा नाही यात. रेघ आहे." आयुष्यात पहिल्यांदा तोफ हळू बोलत होती. "म्हणजे ती शिस्तबिस्त सगळं..."

"हो."

"विसरलीस?"

"हो म्हटलं ना."

तोफ खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "हे बघ. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तर बोलायचे नाहीत. मी ही प्रत फाडते. पोरीची नोकरी आता गेली ती गेली, तू सांगितल्याने परत येणार आहे का? उलट प्रांताचं तेवढं तुझं जाईल. मग दोघीही बसा घरी."

"आईने मारलं तिला."

"कशासाठी?"

"उशीर केला म्हणून. माझ्यामुळे तिची नोकरी गेली, आणि मार तिने खाल्ला. वर म्हणते, चूक माझीच."

तोफेने प्रत फाडली नाही. दोन घड्या करून तिच्या हातात दिली. "मग जा बाई. मी सांगितलं ते विसर. मला तरी कुठे झोप लागली असती?"

दुसऱ्या दिवशी शिडीने अर्धी रजा टाकली आणि ती वीज कंपनीच्या कचेरीत गेली. अधिकाऱ्यांच्या टेबलावर काच होती, काचेखाली जुन्या संघांचे फोटो. त्यावर तिने पिवळा कागद उलगडून ठेवला आणि झालं ते सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. इतकं थोडकं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी कागद बघितला. रेघेवरून बोट फिरवलं. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला एक गोष्ट सांगितलीत. आज दुसरी सांगता आहात. दोन्ही वेळा तुमचा चेहरा सारखाच आहे."

"आजची खरी आहे. कागद आहे समोर."

"असेल. पण जागा एक होती. त्या दिवशी समोरच्या संघात होती ती गार्ड सोमवारी रुजू झाली. तिला आता घरी पाठवू?"

"नाही."

"मग सांगा, मी काय करू?"

"पुढची जागा?"

"दोन वर्षांनी, तीन वर्षांनी. तेव्हा तुमची मुलगी वयात बसणार नाही."

"निदान तिच्याबद्दल शिस्तीचं जे लिहिलं असेल, ते खोडा."

"लिहिलं?" अधिकाऱ्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी काहीच लिहिलेलं नाही. जी खेळलीच नाही तिच्याबद्दल काय लिहिणार?" कागदाची घडी करून त्यांनी तो परत दिला. "प्रांताच्या समितीवर मी आहे. हे मला तिथे सांगावं लागेल."

"सांगा," शिडी म्हणाली. त्या एका शब्दात नऊ वर्षं गेली. तिला वाटलं होतं, जास्त दुखेल.

तिथून ती थेट हॉस्पिटलला गेली. धुलाईखाना मागच्या बाजूला तळघरात होता. दहा पायऱ्या उतरल्यावर वाफ तोंडावर आली. दारातून आत जाताना तिला सवयीने वाकावं लागलं. भिंतीलगत माणूस मावेल एवढी धुण्याची यंत्रं फिरत होती. पलीकडे इस्त्रीचा लांबलचक रूळ. एका बाजूने दोन बाया त्याच्यात ओली चादर सरकवत होत्या, दुसऱ्या बाजूने ती कोरडी होऊन बाहेर येत होती. तिथे भिंगरी एका म्हातारीबरोबर चादरींच्या घड्या घालत होती. दोन टोकं दोघींनी धरायची, पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. भिंगरी इथेही इतर कुणापेक्षा चपळ होती.

शिडी दिसताच ती ताठ उभी राहिली, मैदानात राहायची तशी. "मॅडम! तुम्ही इथे?"

दोघी दाराबाहेर पायऱ्यांशी आल्या. भिंगरीच्या डाव्या दंडावर हिरवट पडत चाललेला वळ होता. शिडीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि बोलायला सुरुवात केली.

"तुला शिक्षा एका क्वार्टरची होती. पुढचे तीन शिक्षा नव्हती. यादीत तुझं नाव नव्हतं. मी लिहिलंच नाही."

"का?"

"राहून गेलं."

भिंगरी थोडी हसली. "तुमचं नाही राहून जात, मॅडम. बाराच्या बारा पाठ असतात तुम्हाला."

"नंबर पाठ होते. चार ते पंधरा. तुझा बदलला होता."

भिंगरीचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर उगाच राहिलं. ती मनातल्या मनात काहीतरी मोजत असावी. "म्हणजे आठला तुम्ही तिचं नाव लिहिलंत. बरोबर लिहिलंत."

"हो."

"आणि मी अठरा."

"हो."

"सहा वर्षं, मॅडम." तिने जिन्याच्या कठड्याला हात टेकला. "मी आठवडाभर विचार करते आहे, मॅडमना माझा एवढा राग का आला. इतकं काय केलं मी? मग म्हटलं, त्यांना माझ्याकडून जास्त अपेक्षा असेल, म्हणून एवढी शिक्षा. बरं वाटायचं तेवढ्यापुरतं. राग यायला माणूस आधी लक्षात असावं लागतं ना?"



"मी अधिकाऱ्यांकडे जाऊन आले," शिडी म्हणाली.

"जागा?"

"भरली."

भिंगरीने मान हलवली. हजेरीच्या दिवशी हलवली होती तशीच, चटकन. "मग मला कशाला सांगता? आईला सांगा. मार तिने मारला आहे. रोज झोपताना दंडाला तेल लावते आणि शिव्याही घालते."

आई रुळाच्या त्या टोकाला होती. शिडी यंत्रांच्या मधून तिच्यापर्यंत गेली. आवाज एवढा होता की स्वतःचे शब्द स्वतःला ऐकू येईनात. बाईने चादर सरकवता सरकवता मान वर केली, ओळखलं, आणि काय म्हणून हनुवटी उडवली.

"तिची चूक नव्हती!" शिडी म्हणाली.

बाईने कानाला हात लावला.

"चूक तिची नव्हती! माझी होती!"

"काय?"

मग शिडीने आवाज काढला. एका टोकाची मुलगी दुसऱ्या टोकाला वळवणारा तो आवाज होता. "मी तिचं नाव लिहायला विसरले! उशिराचं खोटं सांगितलं मी! तुमच्या मुलीचं काहीही चुकलं नव्हतं!"

तेवढ्यात मुकादमाने रूळ बंद केला. काहीतरी बिघडलं असेल म्हणून केला असेल. शेवटचे चार शब्द त्या शांततेत सगळ्या धुलाईखान्याने ऐकले. बारा-पंधरा बाया हातातलं काम थांबवून बघत होत्या. छताला टेकलेली ही बाई कोण, ते त्यांना माहीत नव्हतं.

भिंगरीची आई चादरीचं टोक धरून तशीच उभी होती. तिने शिडीकडे बघितलंच नाही. घडीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीकडे, तिच्या दंडाकडे बघितलं.

"मी विचारलं होतं तिला," ती कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाली. "मारताना विचारत होते, बोल, तुझी चूक आहे का नाही. ती हो म्हणाली."

मुकादम दाराशी आला. "झालं का बायांनो? चादरी वॉर्डात जायच्या आहेत." त्याने खटका दाबला आणि रूळ पुन्हा फिरायला लागला. बाईचे हात आपोआप पुढे गेले, पण चादर वाकडी घुसली आणि एका कडेला गोळा होऊ लागली. शिडीने चटकन दुसरं टोक पकडून ओढलं. ते गरम होतं. तिने सोडलं नाही.

भिंगरी चालत आली. तिने शिडीच्या हातातून ते टोक काढून घेतलं, झटका देऊन सरळ केलं आणि रुळात लावलं.

"सरका, मॅडम," ती म्हणाली. "हात जाईल आत."

शिडी मागे सरकली. माय-लेकी समोरासमोर उभ्या राहून चादरी लावत राहिल्या, एकामागून एक, एकमेकींकडे न बघता. ओल्या चादरींची पुढची ढकलगाडी आली, तिला वाट हवी होती, आणि शिडीला दाराबाहेर जावं लागलं.